वलणीची हिरवी तार

आमच्या पडवीत गाडी चार्जिंगला लावायचा बोर्ड आहे, तो माझ्या कमरेच्या जरासा वर येतो. येणारा-जाणारा विचारतो, एवढा खाली का बसवलात? बसवणाऱ्याची चूक नाही. तो बायकोच्या मापाने बसवलाय. बायको ठेंगणी होती. वायरमन खडूने भिंतीवर खूण करायला गेला तेव्हा ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि म्हणाली, "गाडी मी लावणार, तर माप माझं घे. ह्यांना वाकू दे जरा. जन्मात कधी वाकले नाहीत."

आता वाकतो. बोर्डावरची धूळ पुसायची तर वाकावंच लागतं. तिला जाऊन आठवा महिना चालू आहे. त्या बोर्डाला लावायला गाडीही राहिली नाही. बोर्ड तेवढा चांगला आहे. आतलं पितळ अजून पिवळं आहे. टिकाऊ बघूनच आणला होता, टिकला.

मी चौथी शिकलेला माणूस. मला फिरवून लिहिता येत नाही. जसं झालं तसं सांगतो, आणि माझी चूक होती तिथे चूक म्हणून सांगतो.

सत्त्याण्णव साली मी अंजनवेलच्या वीज प्रकल्पावर कामाला होतो. म्हणजे मजूर होतो. केबलची घराएवढी लाकडी रिळं असायची. दहा-पंधरा माणसांनी केबल खांद्यावर घ्यायची आणि ओढत न्यायची, पुढून कोणी ओरडला की थांबायचं. त्यात विजेचं काही नव्हतं. त्या केबलीऐवजी नांगराचा दोर दिला असता तरी आम्ही तसाच ओढला असता. पण वर्षभर खांद्यावर केबल घेतली की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला विजेतलं कळतं. वाडीतले लोकही विचारायला लागले, मग मीही सांगायला लागलो.

त्याच साली आमच्या घरात वीज आली. वायरिंग मी स्वतः केलं. दुकानदाराने तीन रंगांच्या तारा दिल्या, तांबडी, काळी आणि हिरवी. तांबडीतून वीज येते आणि काळीतून परत जाते एवढं मला ठाऊक होतं. हिरवीतून काय जातं ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची मला लाज. माजघरात हिरवीशिवाय जोडून बघितलं. बटण दाबलं, बल्ब पेटला. म्हटलं, झालं. हिरवीचं अख्खं भेंडोळं तसंच उरलं.

बायको म्हणाली, "अवो, ही कशाला असते?"

"ती नुसती नावाला असते. साहेबलोकांच्या घरात लावतात."

"नावालाच हाय तर मला द्या."

तिने ती तार फणसापासून गोठ्याच्या खांबापर्यंत ताणून बांधून घेतली. कपडे वाळत घालायची वलण केली. काथ्याची दोरी पावसात कुजायची. लोखंडी तार बांधली तर धुतलेल्या लुगड्यावर गंजाचे तांबडे डाग पडायचे. हिला ना कुजणं ना गंजणं. बायको एवढी खूश झाली की आल्यागेल्याला दाखवायची, "आमच्या ह्यांनी प्रकल्पाची वलण केली." मीही हसायचो. दहा वर्षं तिची लुगडी, माझे पंचे आणि मुलगा शिकत होता तोवर त्याची शाळेची चड्डी-शर्ट त्या तारेवर वाळले.

मुलगा मोठा होऊन मुंबईला कामाला लागला. घरात आम्ही दोघंच उरलो.

तिचं माहेर वेळणेश्वरला, आमच्या घरापासून चार मैल. चार मैल म्हणजे काही नाही, पण मध्ये दोन चढ आहेत आणि एसटी सकाळी सातला जाते ती संध्याकाळीच परत येते. एसटीने जायचं म्हणजे दिवस गेला. तिची आवस, म्हणजे माझी सासू, दोन हजार सहाच्या सुमाराला डोळ्यांनी पार अधू झाली. मुलगे मुंबईत, सुना मुंबईत. शेजारीण भाकरी टाकून द्यायची. बायकोला रोज दुपारी जायचं होतं. आवशीला न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, चार घास समोर बसून खायला लावायचे आणि दिवेलागणीला परत यायचं. एवढंच मागत होती.

मी काय करायचो ते सांगतो. मी म्हणायचो, "उद्या जा." उद्या आला की म्हणायचो, "भात झोडायचाय." मग म्हणायचो, "माझ्या जेवणाचं काय?" मला ती घरात लागायची. दुपारी पडवीत मी पडलेला असायचो आणि आत भांड्यांचा आवाज यायचा, तो आवाज लागायचा. हे तेव्हा मला कळत नव्हतं. तेव्हा मला वाटायचं, मी भाताचीच काळजी करतोय.

मुलाला हे सगळं फोनवर कळत होतं. दोन हजार सातच्या शिमग्याला तो आला तो टेम्पोत गाडी घालूनच. विजेवर चालणारी स्कूटर. लायसन नको, पेट्रोल नको, सायकलच्या वर थोडा वेग. आईला म्हणाला, "आता तुला कोणाला विचारायला नको." हे माझ्याकडे बघून म्हणाला.

बायको तेव्हा पन्नाशीच्या पुढे होती. चार दिवस खळ्यात शिकली. पहिल्या दिवशी आंब्यावर गेली, दुसऱ्या दिवशी गवताच्या उडवीत. मुलगा मागून धावायचा आणि ती ओरडायची, "सोड रे, सोडलंस तर पडेन, पण सोड!" त्या गाडीला आवाज नव्हता. कोंबड्यांना कळायचंच नाही मागे काय आलंय, त्या मधेच उभ्या राहायच्या. ती तोंडाने "पों पों" करायची. हॉर्न होता, पण तिला तोंडाने करायला आवडायचं. पाचव्या दिवशी एकटी वेळणेश्वरला जाऊन आली. परत आली तेव्हा तोंड लाल झालेलं. म्हणाली, "पहिल्या चढावर उतरून ढकलावी लागली. दुसरा चढ तिने मला बसवून नेला."

मुलगा मुंबईला गेला आणि चार्जिंगचं माझ्याकडे आलं.

चार्जरला तीन पिनांचा प्लग होता. माजघरातलं माझं सॉकेट दोन भोकांचं. मी पक्कड घेतली आणि तिसरी पिन मोडली. बायको बघत होती. म्हणाली, "ज्यांनी गाडी बनवली त्यांनी तीन दिल्या, ते काय येडे होते?"

म्हटलं, "तिसरी नावाला असते."

"तुमच्याकडं लय गोष्टी नावाला असतात."

प्लग सैल बसायचा. दहा वर्षांत खाऱ्या वाऱ्याने सॉकेटच्या आत हिरवं चढलेलं. मी काडेपेटीच्या काड्या खोचून तो घट्ट केला. त्यात लोडशेडिंग. इथून प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात आणि आमच्याकडे वीज नाही, असे ते दिवस. म्हणून गाडी सकाळी वीज असेल तेव्हा लावायची आणि दुपारी तिने जायचं. दोन-तीन आठवडे चाललं. मग ती म्हणायला लागली, गाडी लावलेली असली की हँडलला हात लागताच झिणझिण्या येतात.

म्हटलं, "हात ओले असतील. चपला घाल."

तिने चपला घातल्या. घरात, माजघरात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर चपला घालून वावरली, कारण मी सांगितलं होतं. एका सकाळी न्हाऊन ओल्या पायांनी आली, गाडीचा चिखल पुसायला हात लावला आणि भिंतीवर फेकली गेली. कोपर फुटलं. मी परसातून धावत आलो तर ती खाली बसलेली, आणि सॉकेटमधून प्लास्टिक जळल्याचा वास. सॉकेट एका बाजूने काळं झालेलं, काड्या पेटून विझलेल्या. मी बटण बंद केलं. मला वाटलं, आता ही मला काय काय बोलेल. तिने कोपराला हळद लावली आणि गाडीवर जुनी चादर घातली. मेलेल्यावर घालतात तशी तोंडावरून.

मग जाणं बंद. महिना गेला. मी म्हटलं, "एसटीने जा." ती म्हणाली, "नको. तुमचं भात हाय." जून महिना होता, भात कुठलं? शेतात चिखलणी चाललेली.

एक दिवस एसटीचा कंडक्टर रस्त्यावरून हाक मारून निरोप देऊन गेला. वेळणेश्वरच्या थांब्यावर म्हातारी कोणाचा तरी हात धरून आलेली, आणि तिने कंडक्टरला सांगितलेलं, "माझ्या लेकीकडं विचार, ती जिवंत हाय काय?"

बायकोने ते ऐकलं आणि आत गेली. त्या दिवशी भांड्यांचा आवाज आला नाही.

मी पायात चपला घातल्या आणि खाली मोहल्ल्यात गेलो. तिथे एक वायरमन होता, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मस्कतला बारा वर्षं विजेचं काम करून परत आलेला. वाडीत मी विजेतला जाणकार, म्हणून त्याला मी कधी बोलावला नव्हता. उलट लोकांना सांगायचो, तो लय महाग आहे, मला विचारा. त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो हसला नाही. पिशवी उचलली आणि बरोबर आला.

त्याने सॉकेट खोललं. बोर्ड खोलला. मग बॅटरी घेऊन छपराखालच्या वायरी बघत फिरला. म्हणाला, "काका, अर्थिंग कुठं हाय?"

मी छपराकडे बघायला लागलो.

"हिरवी तार, काका. वायरिंग करताना हिरवी तार असते ती."

बायको दारात उभी होती. तिने बोट वर केलं आणि अंगणाकडे दाखवलं. "ती काय. दहा वर्षं माझी लुगडी वाळतायत तिच्यावर."

वायरमनने बघितलं. वलणीवर तेव्हा माझा लेंगा लटकत होता. तो पायरीवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "या अल्ला, काका! लेंग्याला अर्थिंग दिलीत आणि बायकोला नाही."

बायकोही हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. मी पण हसलो असं लिहिलं तर खोटं होईल. मला आत काहीतरी लागलं. दहा वर्षं घरातली प्रत्येक वस्तू तिने हात लावून वापरली. मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप. मी बाहेर लोकांना शहाणपण सांगत होतो.

चहा पिता पिता त्याने मला समजावलं, तेही मला कमीपणा न देता. घरातल्या वस्तूत कुठे वीज फुटली तर ती माणसाच्या अंगातून जमिनीत जायला बघते. हिरवी तार तिला दुसरा रस्ता देते, म्हणजे माणूस वाचतो. "ही गाडी लय वीज खात नाही, काका. पण मिक्सर दोन मिनिटं चालतो, ही तासन् तास खात बसते. प्लग सैल असला की तिथं ठिणगी, ठिणगीने ताप, तापाने आणखी सैल. सॉकेट असं पाहिजे की प्लग घातला की सोडवत नाही."

आणखी सांगितलं की लोखंडी डबी घेऊ नका, इथल्या हवेत दोन पावसात तिची चाळण होते. जाड प्लास्टिकची झाकणवाली घ्या. आत पितळ पाहिजे. त्याने पिशवीतून फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक काढून दिलं. "हे लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड, वर नुसता पितळेचा रंग." लोहचुंबक त्याने माझ्या हातात नाही दिलं, तिच्या हातात दिलं. तिने ते पदराच्या गाठीत बांधलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने चिपळूणला गेलो. लग्नाला तीस वर्षं झाली असतील, पण दोघांनी मिळून दुकानात जाऊन एक वस्तू निवडली असं त्याआधी झालं नव्हतं. लुगडंसुद्धा मीच आणायचो, रंग न विचारता.

दुकानदाराने काचेवर तीन सॉकेटं मांडली. पहिलं चकचकीत, हलकं. बायकोने लोहचुंबक लावलं, ते टपकन चिकटलं. तिने बोटाने बाजूला सारलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, हे काय आणलंत?"

"सोनार कसोटी लावतो ना? ती आमची कसोटी."

दुसऱ्याला लहान-मोठी दोन्ही भोकं एकातच होती. दुकानदार म्हणाला, "हे घ्या, पाच अँपियरचा प्लग बसतो आणि पंधराचापण. हल्ली सगळे हेच नेतात." मला ते पटलं. एकात दोन कामं. मी घ्यायलाच लागलो होतो. तिने प्लग मागून घेतला, आत घातला, ओढला. तो सहज बाहेर आला. पुन्हा घातला, बोटाने हलवला, तो डुलला.

"दोघांना बसतो तो कोणालाच धड बसत नाय," ती म्हणाली. "सासरचापण आणि माहेरचापण, असा जावई असतो ना, तसा."

तिसरं सॉकेट दिसायला ओबडधोबड, पण हातात घेतलं की वजन लागायचं. पंधरा अँपियरचंच, मोठ्या तीन पिनांचं. तिने ते उचलून कानाशी नेलं आणि हलवलं.

"मावशी, नारळ नाय तो!"

"म्हणून तर हलवते. नारळ वाजला तर बरा. ह्यात काय वाजलं तर वाईट."

वाजलं नाही. लोहचुंबक चिकटलं नाही. मोठा प्लग तिने दोन्ही हातांनी दाबून बसवला आणि मला म्हणाली, "आता तुम्ही काढा." मला एका हाताने निघाला नाही. दुकानदार हसायला लागला. तिने विचारलंसुद्धा नाही, मला पसंत आहे का. "हे द्या. आणि ह्याच्या जोडीचा प्लग. आमच्या प्लगाची एक पिन घरात मोडली." कोणी मोडली ते सांगितलं नाही. तेवढं माझं राखलं.

मग खड्डा. वायरमन म्हणाला, पाइप पुरायला सहा फूट खड्डा पाहिजे, माणूस बोलवा. म्हटलं, माणूस नको, मी खणतो. आमच्याकडे वीतभर मातीखाली जांभा लागतो. पहार मारली की हात सोलून निघतात. चार दिवस लागले. ती वरून वाकून बघायची आणि म्हणायची, "पाणी लागलं तर सांगा, विहीर म्हणून वापरू." पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि जाडं मीठ थराथराने भरलं. कोळसा तिच्या चुलीचा, मीठ सुकी मासळी घालायला ठेवलेलं. पाइपाच्या तोंडावर नरसाळं बसवून वायरमन म्हणाला, "जांभा पाणी धरत नाही. कोरडा झाला की अर्थिंग मेली. उन्हाळ्यात ह्यात पाणी घालत जा." मी मान हलवली. चार दिवस खणून मी दमलो होतो. काम झालं होतं.

वलणीची हिरवी तार वापरता येईल का, मी विचारलं. तो म्हणाला, उन्हाने तिचं कातडं तडकलंय, बारीकपण आहे, नवी जाड तांब्याची आणू. बायको म्हणाली, "ती राहू दे. ती माझी हाय."

पडवीत नवा बोर्ड बसवून सगळं जोडल्यावर त्याने शंभरचा बल्ब आणला. बल्बची एक वायर विजेला, दुसरी त्या पाइपाला. बल्ब लख्ख पेटला. "हा जेवढा उजेड, तेवढी तुमची अर्थिंग जिवंत," तो म्हणाला.

पण बायको प्लग हातात घेऊन उभीच राहिली. लावेना. कोपरावर अजून खूण होती. मी विहिरीवरून कळशी आणली, पडवीत पायाखाली पाणी ओतलं, अनवाणी उभा राहिलो आणि गाडीचं हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"लाव."

"येड लागलं काय? सोडा."

"लाव गो. मेलो तर माझ्या भातातून सुटशील."

वायरमनने आधी सगळं तपासलं होतं, तोच खांद्याने मला ढकलत म्हणाला, "काकी, लावा, नाही तर हे संध्याकाळपर्यंत उभे राहतील." तिला वाकायची गरज नव्हती. तिच्या मापाचा बोर्ड. तिने दोन्ही हातांनी प्लग दाबला आणि माझ्या तोंडाकडे बघत बटण खाली केलं. मला काही झालं नाही. ती मात्र रडली. मग म्हणाली, "पाय पुसून घरात या. सारवलंय."

तिसऱ्या दिवशी ती वेळणेश्वरला गेली.

पुढचं दीड वर्ष ती पावसाची मोठी झड सोडली तर रोज गेली. तीनला निघायची. मी पडवीत. गाडीला आवाज नाही, त्यामुळे ती गेली हे कुंपणाचं बेडं, म्हणजे फाटक, ढकलल्याच्या आवाजावरून कळायचं आणि आली हेही. दिवेलागणीला मी बेड्याकडे कान लावून बसायचो. आली की हात-पाय धुवायच्या आधी मला तिथलं सांगायची, आवस आज काय बोलली, समुद्र कुठवर आला होता, देवळासमोर कोण भेटलं. मी "हूं" म्हणायचो. तेवढंच म्हणायचो. आता वाटतं, काहीतरी विचारायला हवं होतं.

सासू गेली ती लेकीच्या मांडीवर गेली. बायको म्हणाली, "न्हाऊ घातलं होतं हो सकाळीच." ते तिला मिळालं. मी चार दिवस खणलं म्हणून मिळालं, असं मी मनात म्हणायचो. पडवीत कोणी आलं की बोर्ड दाखवून सांगायचो, "अर्थिंग बघा आमची. एवढ्या दिवसांत झिणझिणी नाही."

पुढच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. आठ दिवसांत.

गाडीवर मीच चादर घातली. मुलगा म्हणाला, विकून टाका, बॅटऱ्या मरतील. मला विकायची नव्हती, पण अंगणवाडीची बाई एप्रिलमध्ये विचारायला आली. तिची दोन गावांत अंगणवाडी, पायी जायची. तिला गाडी चालू करून दाखवायची म्हणून किती महिन्यांनी चार्जिंगला लावली. बटण दाबलं आणि हँडल धरलं. हातात झिणझिण्या.

मी बाईला थांबवलं आणि वायरमनला बोलावलं. त्याने शंभरचा बल्ब लावला. बल्बात नुसती तांबडी रेघ दिसली, विझायला आलेल्या निखाऱ्यासारखी.

"काका, पाणी घालत नाही?"

"कसलं पाणी?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग घरामागे गेला, नरसाळ्यात बोट घातलं. कोरडं ठणठणीत. म्हणाला, "काकी घालायची. रोज दोन कळशा. बाजारात भेटली की मला विचारायची, अजून किती घालू, मीठ टाकू काय. तुम्हाला ठाऊक नाही?"

मला ठाऊक होतं ते एवढंच, की ती रोज सकाळी कळशी घेऊन घरामागे जाते. तिथे तिची अबोली होती. मला वाटायचं, अबोलीला घालते. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायचा तेव्हा मी ओरडायचो, "फुलांना कसलं पाणी घालतेस, प्यायला नाही!" ती दुसऱ्या दिवसापासून विहिरीचं घालणं बंद करून धुण्याचं पाणी न्यायला लागली. तेही मी बघितलं होतं. दोन उन्हाळे. आणि मी पडवीत बसून लोकांना माझी अर्थिंग दाखवत होतो.

मी नरसाळ्यापाशी बसलो. अबोली वाळून काडी झाली होती. म्हटलं, एकदा सांगायचंस तरी. मग माझं मलाच कळलं, सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, नावाला असतं ते.

आठ दिवस दोन्ही वेळा पाणी घातलं. आठव्या दिवशी बल्ब लख्ख पेटला. बाईला बोलावलं, हँडल धरून दाखवलं, मगच गाडी दिली. तिच्या घरी जाऊन तिचं सॉकेटही बघितलं. ते दोन्ही प्लगांना बसणारं होतं, ते काढायला लावलं. लोहचुंबक तिला दिलं नाही. ते बायकोच्या पदरातलं, माझ्याकडे आहे. म्हटलं, निवडायला जाशील तेव्हा मला हाक मार, मी घेऊन येतो. आली, गेलो. मी सॉकेट कानाशी धरून हलवलं तर दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मला जावयाचं काही सुचलं नाही.

पाणी मी अजून घालतो, दोन कळशा. गाडी नाही, अर्थिंग कशाला, असं मुलगा फोनवर म्हणतो. मी म्हणतो, अबोलीला घालतो. अबोलीला खालून पालवी फुटलीय, ते खोटं नाही. वलणीवर माझा एक पंचा असतो.

अंगणवाडीची बाई तीनच्या सुमाराला आमच्या बेड्यावरून वेळणेश्वरच्या बाजूला जाते. मी पडवीतच असतो, कान तिकडेच असतो. पण त्या गाडीला आवाज नाही. मान वर करेपर्यंत ती वळणावर गेलेली असते, नुसती पाठ दिसते.